टोकियोच्या ‘शेतकी आणि तंत्र’ विद्यापीठात शेतकी कुठे संपते आणि तंत्र कुठे सुरू होतं?

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा हा प्रश्न आहे. घरी जालना जिल्ह्यात रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी दोन एकर तुती, वडील वर्षाला रेशीमकोषांच्या पाच-सहा बॅच काढतात. ती विचारते: टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चर अँड टेक्नॉलॉजी हे नक्की कसलं विद्यापीठ आहे? स्थापना कुठे १८७४ लिहिलेली दिसते, कुठे १९४९. ते शेतकीचं की इंजिनिअरिंगचं? रेशीम तिथे अजून शिकवतात का? आणि एम.एस्सी.साठी तिथे जावं का?

मी तीस वर्षं रेशमाच्या बीजनिर्मितीत, म्हणजे अंडीपुंज (एका मादीने घातलेल्या अंड्यांचा समूह) तयार करण्याच्या कामात घालवली. त्या कामानिमित्त जपानला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा या विद्यापीठात पाय ठेवला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तू रेशमाच्या घरातली आहेस, तुला ते लांब वाटणार नाही.

आधी नावाचा घोळ मिटवते. जपानीत याचं नाव ‘टोकियो नोको दाइगाकु’, बोलताना नुसतं ‘नोकोदाइ’. ‘नो’ म्हणजे शेती, ‘को’ म्हणजे उद्योग, तंत्र. टोकियोतच ‘नोदाइ’ नावाचं दुसरं विद्यापीठ आहे, टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चर. ते खासगी आहे, सेतागायात आहे आणि त्याची मुळं १८९१ मध्ये एनोमोतो ताकेआकी यांनी सुरू केलेल्या शाळेत आहेत. नोकोदाइ राष्ट्रीय विद्यापीठ आहे. आपल्याकडची मुलं या दोघांत हमखास गल्लत करतात. मी एकदा एका मुलाचा अर्ज तपासून दिला, तर पत्र एका विद्यापीठाच्या नावे आणि प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठातले! तेव्हा ‘को’ आहे की नाही, हे दोनदा बघ.

आता १८७४ आणि १९४९. दोन्ही खरी आहेत.

१८७४ साली जपानच्या गृहखात्याने टोकियोच्या नाइतो शिंजुकु इथल्या आपल्या शेतकी केंद्रात दोन गोष्टी सुरू केल्या. एक, शेती शिकवणारी छोटी शाळा. दुसरी, रेशीमकिड्यांवर प्रयोग करणारा विभाग. आज तिथे शिंजुकु ग्योएन हा मोठा बाग आहे, चेरीच्या फुलांसाठी लोक गर्दी करतात. नोकोदाइने २०२४ मध्ये दीडशे वर्षं साजरी केली, ती या दोन गोष्टींपासून मोजून. या दोन फांद्या पंचाहत्तर वर्षं वेगवेगळ्या वाढल्या आणि १९४९ मध्ये एका विद्यापीठात एकत्र आल्या.

शेतकी शाळेची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. १८७७ च्या अखेरीस ती कोमाबाला हलली आणि जानेवारी १८७८ मध्ये सम्राट मेइजींच्या उपस्थितीत तिचं उद्घाटन झालं. पहिले शिक्षक इंग्लंडहून आणले होते. रसायनशास्त्राचे एडवर्ड किंच त्यांतले एक. जपानी भातशेतीचं आणि इंग्लंडातल्या गहू-मेंढ्यांच्या शेतीचं जमेना, म्हणून पुढे जर्मनांना बोलावलं. १८८१ मध्ये आलेले ऑस्कर केल्नर खत आणि भातावर काम करत दहा वर्षांहून जास्त राहिले. कोमाबात त्यांच्या नावाचा भाताचा तुकडा अजून आहे, शाळकरी मुलं तिथे लावणी करतात. १८९० मध्ये ही शाळा इम्पीरियल युनिव्हर्सिटीत, म्हणजे आजच्या टोकियो विद्यापीठात विलीन झाली.

मग नोकोदाइच्या वाट्याला काय आलं? ‘जिक्का’, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रम. इम्पीरियल युनिव्हर्सिटीत पदवीची शाखा वर बसली आणि जिक्का तिच्या छायेत राहिली. जिक्काच्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना ते सलत होतं, स्वतंत्र शाळेची मागणी त्यांनी लावून धरली. १९३५ मध्ये जिक्का स्वतंत्र झाली, टोकियोच्या पश्चिमेला फुचूला गेली आणि उच्च शेतकी व वनविद्या शाळा म्हणून उभी राहिली. आजचं कृषी संकुल तेच. १८७४ या सालावर टोकियो विद्यापीठाची कृषी शाखाही हक्क सांगू शकते, पण बांधावर उतरून काम शिकवण्याचा वारसा फुचूकडे आला, असं मला वाटतं. तिथली मुलं गमबूट घालून वर्गाबाहेर पडताना मी पाहिली, तेव्हा मला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आठवण झाली.

आता दुसरी फांदी. ही माझी.

१८५० ते १८७० च्या दरम्यान युरोपात पेब्रिन या रेशीमकिड्यांच्या रोगाने रेशीम धंदा मोडून टाकला. फ्रान्स-इटलीतल्या व्यापाऱ्यांना निरोगी अंडी मिळेनात, म्हणून ते जपानपर्यंत आले. पुठ्ठ्यावर घातलेली अंडी, त्यांची कार्डंच्या कार्डं, योकोहामाहून बोटीने जायची. जपानला त्यातून पैसा मिळाला आणि भीतीही मिळाली. हा रोग आपल्याकडे पसरला तर? त्या काळात परदेशात विकून चलन आणणारी जपानकडे रेशमाइतकी मोठी वस्तू दुसरी नव्हती. १८७२ मध्ये सरकारने तोमिओकाला फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्र्यूना यांच्या देखरेखीखाली कोषांतून धागा काढण्याच्या ३०० कढयांची सूतकताई गिरणी उभारली होती. पण गिरणीला कोष लागतात, कोषाला किडा लागतो, आणि किडा आजारी पडला तर ३०० कढया रिकाम्या. सासाकी नागाअत्सु १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी युरोपात गेले होते, तिथे ते रेशीमकीटकशास्त्र शिकले आणि परत आल्यावर नाइतो शिंजुकुच्या रेशीम विभागाचं काम त्यांनी उभं केलं.

पेब्रिनची तपासणी तू कधी पाहिली आहेस का, मला ठाऊक नाही. तुझ्या बाबांच्या शेडमध्ये जे ‘रोगमुक्त अंडीपुंज’ येतात, त्यातला ‘रोग’ म्हणजे मुख्यतः हाच. सकाळी पतंग कोषातून बाहेर येतात. नर-मादीच्या जोड्या लावायच्या, तीन-चार तासांनी सोडवायच्या. मादीला अंडी घालण्याच्या कागदावर ठेवून वर प्लास्टिकचं सेल्युल पालथं घालायचं, म्हणजे तिची अंडी तिच्याच वर्तुळात राहतात. रात्रभरात चारशे-पाचशे अंडी. दुसऱ्या दिवशी मादी खलात टाकायची, पोटॅशियम कार्बोनेटचं अगदी पातळ द्रावण घालून वाटायची, त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि ६०० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. लंबगोल, चकाकणारे, तांदळाच्या दाण्यासारखे बीजाणू दिसले की तिची अंडी जाळायची. कारण हा रोग आईच्या पोटातून अंड्यात उतरतो. पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये बसवलेली ही पद्धत, जपानने ती उचलली, आणि आपणही आज त्याच तत्त्वावर चालतो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बीज केंद्रात हंगामाच्या घाईत तपासणी थोड्याच माद्यांवर उरकली गेली. एकवीस दिवसांनी एका गावातून फोन आला. मी गेले, तर रॅकवर एकाच वयाच्या अळ्या तीन आकाराच्या, अंगावर मिरपूड टाकल्यासारखे ठिपके, पाल्याकडे बघेनात. त्या शेतकऱ्याने सगळी बॅच खड्ड्यात पुरली आणि वर चुना टाकला. मला काहीच बोलला नाही. पुढे अनेक वर्षांनी टोकियोत नोकोदाइच्या रेशीम शाखेचा इतिहास वाचताना मला कळलं, की या शाखेने पुन्हा उभारी धरली तीच एका रोगासाठी काढलेल्या केंद्रातून. १८८४ मध्ये टोकियोच्या कोजिमाचीत रेशीमकिड्यांच्या रोगांचं प्रयोगकेंद्र निघालं आणि १८८६ मध्ये ते निशिगाहाराला हललं. शाळेआधी सूक्ष्मदर्शक आला. विद्यापीठांचे इतिहास बहुधा इमारतीपासून सुरू होतात, याचा एका आजारापासून होतो, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

१८९६ मध्ये त्या केंद्राची प्रशिक्षण संस्था झाली, १९१४ मध्ये टोकियो उच्च रेशीम शाळा. निशिगाहाराला किडा पाळणं आणि धागा काढणं ही दोन्ही कामं एकत्र शिकवली जात. इथे ‘नो’ आणि ‘को’ यांची गाठ पडते, आणि तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कोष शेतकऱ्याच्या हातून निघतो, पण त्याची किंमत गिरणीत ठरते. धागा किती लांब निघाला, किती वेळा तुटला, जाडी किती एकसारखी आली, यावर. हे किडा पाळणाऱ्याला माहीत नसेल तर तो नुसतं वजन वाढवत बसतो. सूत काढणाऱ्याला किड्याचं पाचव्या अवस्थेतलं खाणं माहीत नसेल, तर तो खराब कोषाचा दोष यंत्राला देतो. या शाळेत सूतकताईच्या गिरण्यांसाठी स्त्री-प्रशिक्षकही तयार होत. ‘क्योफु’ म्हणत त्यांना. मुलींना इम्पीरियल युनिव्हर्सिटीची दारं बंद होती त्या काळात या बायका शाळेत शिकून गिरण्यांत शेकडो मुलींना काम शिकवायला जात. जपानच्या रेशमाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव फार क्वचित येतं, याचं मला वाईट वाटतं.

त्याच काळात कोमाबाच्या कृषी शाखेतून शिकलेले तोयामा कामेतारो सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, रेशीम विभागाच्या कामासाठी गेले होते. सयामी आणि जपानी जातींचा संकर करून रेशीमकिड्यात मेंडेलचे नियम लागू पडतात हे त्यांनी १९०६ मध्ये मांडलं, आणि पहिल्या पिढीचा संकर शेतकऱ्याला द्यावा, असा आग्रह धरला. पहिल्या पिढीची अळी दणकट, कोष भरदार. १९१० च्या दशकात ही संकरित अंडी सरकारी केंद्रांतून वाटली जाऊ लागली. मका संकरित होण्याच्या कितीतरी आधी रेशीमकिडा संकरित झाला होता, हे कृषीच्या मुलांनाही सांगावं लागतं. दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या, जातीची अंडी हिवाळा गेल्याशिवाय फुटत नाहीत. त्यांना कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात ठराविक वेळ बुडवून फोडायची पद्धतही जपानमध्येच बसली. त्यामुळे वर्षात एक-दोनऐवजी अनेक बॅच घेता येऊ लागल्या.

परिणाम असा की १९०९ च्या सुमारास कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपानने चीनला मागे टाकलं. १९३० मध्ये जपानमध्ये सुमारे ४ लाख टन कोष निघाले, तेव्हा २२ लाखांच्या आसपास शेतकरी कुटुंबं किडे पाळत होती. म्हणजे दर दहा शेतकरी घरांमागे जवळजवळ चार. बहुतेक रेशीम अमेरिकेला जायचं, बायकांच्या मोज्यांसाठी. मग जागतिक मंदी आली, आणि मे १९४० मध्ये अमेरिकेत नायलॉनचे मोजे विक्रीला आले. आज जपानमध्ये रेशीमकिडे पाळणारी कुटुंबं दोनशेच्याही खाली आहेत. हा आकडा मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू जिथे रेशीम शिकायला जायचा विचार करते आहेस, तिथे शेतावरचं रेशीम जवळपास संपलं आहे.

पण शाळा संपली नाही, आणि ती का टिकली हे बघण्यासारखं आहे. १९४० मध्ये रेशीम शाळा कोगानेईला हलली, १९४४ मध्ये तिचं नाव वस्त्रतंतू शाळा झालं. युद्धानंतर नवी विद्यापीठं बांधताना, १९४९ मध्ये, फुचूची शेतकी-वनविद्या शाळा आणि कोगानेईची वस्त्रतंतू शाळा मिळून नोकोदाइ झालं. शाखा दोनच, कृषी आणि वस्त्रतंतू. १९६२ मध्ये वस्त्रतंतू शाखेची अभियांत्रिकी शाखा झाली. धागा एकसारखा ठेवायला लागणारं यंत्रशास्त्र, कोष शिजवायला लागणारं रसायनशास्त्र, कृत्रिम धाग्याचं बहुवारिकशास्त्र (पॉलिमर) हे सगळं तिथे आधीच होतं. रेशीम मागे पडलं, तसं ते ज्ञान बाकी यंत्रांकडे आणि रसायनांकडे वळलं. जपानमध्ये अशा तीन रेशीम शाळा होत्या, टोकियो, क्योतो आणि उएदा. क्योतोची शाळा क्योतो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेली. उएदाची शिन्शु विद्यापीठात गेली, आणि तिथे मात्र वस्त्रतंतू शाखा त्याच नावाने आजही चालू आहे. तुला फक्त कापड आणि धागा शिकायचा असेल तर उएदा तुझ्यासाठी जास्त योग्य आहे, हे स्पष्ट सांगते.

कोगानेईच्या आवारात विद्यापीठाचं विज्ञान संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १८८६ मध्ये, रेशीम केंद्राच्या नमुन्यांच्या दालनापासून. अनेक वर्षं ते वस्त्रतंतू संग्रहालय म्हणून ओळखलं जाई. रेशीम पाळणाऱ्या बायकांची रंगीत लाकूडठसा चित्रं तिथे आहेत, पायाने चालवायचे रहाट आहेत, आणि स्वयंचलित सूतकताईचं यंत्र आहे. मी त्या यंत्रापुढे सर्वात जास्त वेळ उभी राहिले. आठ-दहा कोषांचे तंतू मिळून एक धागा वर चढतो. तो दोन काचेच्या छोट्या चकत्यांमधल्या अरुंद फटीतून जातो. एखाद्या कोषाचा तंतू संपला की धागा बारीक होतो, काचेशी घर्षण कमी होतं, एक हलकी तरफ सरकते, आणि खाली फिरणाऱ्या टोपलीतून नवा कोष येऊन त्याचा तंतू धाग्याला चिकटतो. विजेवर चालणारं मोठं यंत्र, पण निर्णय घेते ती काचेची फट. आधी हे काम बोटांनी व्हायचं. ज्यांच्या बोटांना ते कळायचं त्या मुलींचे हात दिवसभर गरम पाण्यात असायचे. आपल्याकडे रेशीम कोषावर प्रक्रिया करणारी स्वयंचलित यंत्रं बसली आहेत, त्यांच्यातही हेच तत्त्व आहे. पुढच्या वेळी कोष विकायला जाशील तेव्हा कुणाला तरी विनंती करून ती फट बघ.

आता शिक्षणाकडे येते. आजही विद्यापीठात दोनच शाखा आहेत, विद्यार्थी सगळे मिळून सहा हजारांच्या आतबाहेर. त्यांतला मोठा हिस्सा पदव्युत्तरचा, म्हणजे हे संशोधनाचं विद्यापीठ आहे. फुचूला कृषी, कोगानेईला अभियांत्रिकी, दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर. कृषी शाखेत पाच विभाग आहेत. पीक-पशू उत्पादन, उपयोजित जीवशास्त्र, पर्यावरण व संसाधनं, प्रादेशिक परिसंस्था आणि पशुवैद्यक. पशुवैद्यक सहा वर्षांचं असून २०१२ पासून इवाते विद्यापीठाबरोबर संयुक्तपणे चालतं. अभियांत्रिकीची २०१९ मध्ये पुनर्रचना होऊन सहा विभाग झाले, त्यांतले दोन थेट जीवशास्त्राशी जोडलेले. १९९५ पासून एक पदव्युत्तर विद्यालय असंही आहे, जिथे जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी एकाच छताखाली शिकतात. त्याला ‘बेस’ म्हणतात. पदवीचं शिक्षण जपानीत चालतं. पदव्युत्तरला इंग्रजीत काम करता येतं, पण प्रयोगशाळेतल्या सोमवारच्या बैठकीत जपानीच ऐकायला मिळेल.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कृषीची पीएच.डी. इथे एकट्या नोकोदाइची नाही. १९८५ मध्ये इबाराकी आणि उत्सुनोमिया या विद्यापीठांबरोबर संयुक्त पदव्युत्तर विद्यालय निघालं. म्हणजे तुझे मार्गदर्शक उत्सुनोमियाला असू शकतात, तू तिथे राहशील, टोकियोपेक्षा भाडं कमी भरशील, आणि पदवी नोकोदाइची मिळेल.

विद्यापीठाचं खरं बळ विभागांच्या यादीतून कळत नाही, माणसांच्या कामातून कळतं. दोन-तीन उदाहरणं देते.

अकिरा एंदो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं जगभर घेतली जातात, आपल्या घरातल्या कुणाच्या तरी डबीत ती असतीलच. एंदो एका औषध कंपनीत असताना त्यांनी हजारो बुरशी तपासल्या आणि १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. १९७९ मध्ये ते नोकोदाइला शिकवायला आले. त्याच वर्षी त्यांना मोनास्कस नावाच्या लाल बुरशीत दुसरं स्टॅटिन मिळालं. पूर्व आशियात भाताला लाल रंग आणि आंबवण देण्यासाठी ही बुरशी शतकानुशतकं वापरली जाते. हेच रेणू पुढे लोव्हास्टॅटिन म्हणून ओळखलं गेलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. एंदो १९९७ पर्यंत इथे होते, २००८ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये ते गेले. शेतकरी घरातला मुलगा, कृषी शाखेचा पदवीधर, आणि ज्यातून जगातली लाखो माणसं वाचली ती गोष्ट त्याने बुरशीत शोधली. कृषी घेतलं म्हणजे डॉक्टर होता आलं नाही, असं कुणी तुला म्हणालं तर एंदोंचं नाव सांग.

इवागाकी हायाओ. जपानमध्ये ब्लूबेरीची व्यावसायिक शेती नव्हती. फुचूला त्यांनी अमेरिकी जातींवर काम केलं, आणि १९६८ मध्ये कोगानेईच्या शेजारच्या कोदाइरा गावात पहिली व्यावसायिक बाग उभी राहिली. फुचूच्या आवारातच आता बंदिस्त वनस्पती-कारखान्यात वेगवेगळ्या ऋतूंच्या खोल्या करून ब्लूबेरीची झाडं फिरवतात, म्हणजे झाडाला वर्षात एकापेक्षा जास्त हिवाळे मिळतात. बाग ‘नो’ची, खोल्या ‘को’च्या.

ताकादा हिदेशिगे. २००५ मध्ये त्यांनी जगभरच्या किनाऱ्यांवरचे प्लास्टिकचे कच्चे दाणे पोस्टाने मागवायला सुरुवात केली. हे दाणे समुद्रातली घातक रसायनं शोषून घेतात. कुणीही किनाऱ्यावर जाऊन दाणे वेचायचे, पाकिटात घालायचे, फुचूच्या पत्त्यावर पाठवायचे. फार मोठं यंत्र लागत नाही, पाकीट आणि तिकीट लागतं.

आणि रेशीम? कृषी शाखेत रेशीमकिड्यावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. कोगानेईला असाकुरा तेत्सुओ यांनी रेशमाच्या प्रथिनाची रचना उलगडण्यात अनेक वर्षं घालवली आणि रेशमापासून लहान व्यासाच्या कृत्रिम रक्तवाहिन्या करण्याचं काम उभं केलं. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत कृत्रिम धाग्याच्या वाहिन्या रक्ताच्या गुठळीने लवकर बंद पडतात, तिथे रेशीम उपयोगी पडेल, अशी ही दिशा. म्हणजे किड्याचा विषय इथे साडीतून निघून रुग्णालयाकडे वळला आहे.

आता जावं का. एम.एस्सी. दोन वर्षांची, पीएच.डी. तीन. आपली बी.एस्सी. कृषी चार वर्षांची असल्यामुळे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट तुझी पूर्ण होते. राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन, प्रवेशशुल्क २,८२,००० येन. वार्षिक फी वीस टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा विद्यापीठांना आहे आणि नोकोदाइने ती वाढवली आहे. तेव्हा तुझ्या अभ्यासक्रमाचा आकडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घे. खर्च तुझ्या घराला झेपणारा नाही, म्हणून जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नको, असं माझं मत आहे. दोन वाटा आहेत, दिल्लीतल्या वकिलातीमार्फत किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने. दोन्हींत प्रवेशाआधी एक प्राध्यापक तुला घ्यायला तयार असावा लागतो. जपानमध्ये विद्यार्थी विभागाचा नसतो, ‘केन्क्युशित्सु’चा, प्रयोगशाळेचा असतो. म्हणून विद्यापीठ निवडू नको, प्रयोगशाळा निवड.

पत्र छोटं लिही. गुणपत्रिकेची टक्केवारी पहिल्या ओळीत नको. तुझ्याकडे असं एक भांडवल आहे जे टोकियोतल्या कुठल्याच मुलीकडे नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, शेडवर पोती भिजवून, दुबार किडा जगवणारं घर. मागच्या दोन वर्षांचे रोजचे तापमान-आर्द्रतेचे आकडे, प्रत्येक बॅचचे शंभर अंडीपुंजांमागचे कोषांचे किलो, आणि कोणत्या बॅचमध्ये काय मेलं, हे एका पानावर मांड. बाबांच्या वहीत असणारच, मी अशा वह्या खूप पाहिल्यात. मग एकच प्रश्न विचार, जो त्या प्राध्यापकांच्या कामाला भिडतो. उत्तर यायला महिना लागला तर घाबरू नको. आलं नाही तर दुसऱ्याला लिही.

हा संबंध काही नवा नाही. बाबांच्या शेडमध्ये जो सीएसआर-२ गुणिले सीएसआर-४ किंवा त्याच कुळातला संकर येतो, तो म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तयार झाला, आणि त्यामागे जपानी संकरांचं रक्त आहे. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने १९९१ ते २००७ असे तीन टप्पे तिथे काम चाललं. आपल्या हवेत दुबार टिकणार नाही, असं तेव्हा बरेच जण म्हणत. जपानी तज्ज्ञ वयाने मोठे होते, बहुतेक निवृत्तीच्या आसपासचे. ज्यांच्या देशात आता शिकवायला शेतकरी उरले नव्हते, ते आपल्याकडे येऊन तुतीच्या फांद्या कशा छाटायच्या ते गुडघ्यावर बसून दाखवत होते. त्यांतल्या एकांनी मला काचपट्टीवर थेंब किती मोठा घ्यायचा ते शिकवलं. माझा थेंब नेहमी मोठा पडायचा.

तुझ्या बाबांनी बहुधा विचारलं असेल, परत येऊन काय करणार. जालन्यात कोषांचा बाजार आहे, गडहिंग्लजला अंडीपुंज केंद्र आहे, मराठवाड्यात तुती वाढते आहे. कमी आहेत ते तपासणी करणारे हात आणि धाग्याकडे बघून किडा सुधारणारे लोक. एप्रिलच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून तयारी लागते, म्हणजे पहिलं पत्र याच महिन्यात जायला हवं. मसुदा झाला की मला पाठव. वहीच्या त्या पानाचा फोटोही जोड, आकडे मी तपासून देईन.